कालपर्यंत चालणारं टोनर आज 'परकं' कसं झालं?

मृण्मयी_सांगली | गुरुवार, रात्री १०:४७

घरीच दहावीचे गणित-विज्ञानाचे क्लास घेते. बावीस मुलं आहेत. परीक्षा तोंडावर आल्यामुळे सध्या रोज एक सराव प्रश्नपत्रिका काढतेय, म्हणजे दिवसाला शंभर-सव्वाशे पानं. त्यासाठी चार वर्षांपूर्वी एक लेझर प्रिंटर घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एकाच कंपनीला झोडपून विषय संपायला नको, आणि खरं सांगायचं तर मला नोटिशीची भीतीही वाटते.

कंपनीचं टोनर, म्हणजे छपाईच्या पावडरीची डबी, चार हजारांच्या वर जातं आणि त्यात पानं निघतात हजार-बाराशे. म्हणजे माझे दहा दिवस. त्यामुळे पहिलं संपल्यावर दुकानदाराने दिलेलं 'कंपॅटिबल', म्हणजे दुसऱ्या कंपनीचं पण याच प्रिंटरला बसणारं, लावलं, साडेसहाशे रुपयांचं. तेव्हापासून तीच लावतेय. दोन्हींवर काढलेली पानं शेजारी ठेवते, फरक ओळखून दाखवा.

रविवारी भाचा आला होता. "मावशी, अजून ती वायर काय लावून बसलीयेस?" म्हणत त्याने प्रिंटर वायफायला जोडून दिला. मोबाईलवरून पहिलं पान निघालं तेव्हा मलाही भारी वाटलं. सोमवारी पहाटे उठून प्रश्नपत्रिका काढायला गेले तर नारिंगी दिवा लुकलुकतोय आणि पडद्यावर संदेश: या टोनरमध्ये आमची नसलेली चिप आहे, ते वापरता येणार नाही.

टोनर तेच, रविवारी रात्रीपर्यंत चाललेलं. निम्मं भरलेलंही आहे. काढलं, हलवलं, पुसलं, बंद-चालू केलं. काही नाही. कस्टमर केअरला फोन केला तर ती मुलगी फार गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, हे तुमच्या सुरक्षेसाठीच आहे." माझ्या कुठल्या सुरक्षेसाठी, हे तिलाही सांगता येईना. तीन दिवस कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे दीड रुपया पानाने पैसे मोजतेय.

माळ्यावरून प्रिंटरचं खोकं काढून चारही बाजूंनी वाचलं. वायफाय आहे, मिनिटाला किती पानं आहेत, वीज किती कमी लागते, सगळं ठळक अक्षरांत आहे. 'टोनर आमचंच लावावं लागेल' हे कुठेही नाही.

हे कायद्यात बसतं का? यातून सुटायचा काही मार्ग आहे का? आणि असले प्रकार आणखी कुठल्या वस्तूंत अनुभवलेत?

उपद्व्यापी | गुरुवार, रात्री ११:०२

स्थळ चांगलं होतं, संसार चार वर्षं सुखाचा झाला, आणि आता म्हणतात पत्रिका जुळत नाही. (हलके घ्या.)

टोनरवाला | गुरुवार, रात्री ११:३१

ताई, मी इचलकरंजीत टोनर भरून द्यायचं काम करतो, पंधरा वर्षं झाली. तुमच्यासारखी आठवड्याला चार-पाच गिऱ्हाईकं येतात. सगळ्यांची गोष्ट एकच. वायफायला जोडला, रात्रीत अपडेट झालं, सकाळी बंद.

टोनर बाहेर काढा आणि एका टोकाला बघा. करंगळीच्या नखाएवढी हिरवी पट्टी दिसेल, तिच्यावर दोन सोनेरी ठिपके. ती चिप. छापायचं काम कोण करतंय? ड्रम, मॅग्नेट रोलर, ब्लेड आणि पावडर. चिप त्यात बोट लावत नाही. प्रिंटरनं विचारलं की ती सांगती, मी अमक्या कंपनीची, माझी एवढी पानं झाली. प्रिंटर सांकेतिक भाषेत सवाल टाकतो, चिपनं बरोबर जवाब द्यायचा. नकली चिप करणाऱ्यांनी ते जवाब शोधून काढलेले असतात. अपडेट आलं की सवालच बदलतो, मग कालची चिप गप्प बसती. दोन-तीन महिन्यांनी चीनहून नव्या जवाबाची चिप येती. परत अपडेट. हा खो-खो मी २०१६-१७ पासून बघतोय.

आता कामाचं. तुमच्या प्रिंटरबरोबर आलेलं पहिलं, कंपनीचं टोनर कुठं आहे का? भंगारात घातलं नसेल तर शोधा. त्याच्यावरची चिप अस्सल आहे. बऱ्याच मॉडेलांत रिकाम्या टोनरची अस्सल चिप दुसऱ्यावर बसवली की मशीन चालतं. 'टोनर संपत आलंय' असं सारखं दाखवत राहील, दाखवू दे. नवा टोनर घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो, पावडर संपली तरी खोळ टाकू नका, त्यात सोनं आहे.

दुसरं, सेटिंगमध्ये जाऊन आपोआप अपडेट बंद करा. तिसरं, काही प्रिंटर पहिल्यांदा लावताना विचारतात, टोनरला 'संरक्षण' द्यायचं का? आपण 'हो' म्हणत पुढं जातो. तिथं 'नाही' म्हणायचं. 'हो' म्हटलं की ते टोनर त्याच एका मशीनला बांधलं जातं, कंपनीचंच असलं तरी दुसऱ्या मशीनवर चालत नाही.

आमच्या धंद्यातही चोर आहेत, हेही लिहितो. हलकी पावडर भरतात, ती गळती, रोलर खराब होतो, आणि मग गिऱ्हाईक म्हणतंय कंपनीचंच बरं.

सर्किट_बोर्ड | शुक्रवार, सकाळी ७:५०

प्रवाहाविरुद्ध लिहितोय, दगड जपून मारा. मी पुण्यात एम्बेडेडमध्ये, म्हणजे यंत्रांच्या आत बसणाऱ्या सॉफ्टवेअरवर, काम करतो. प्रिंटरच्या नव्हे, पण 'हे चालेल, ते चालणार नाही' असले निर्णय आमच्याही टेबलावर होतात.

'चालणार नाही' यामागे दर वेळी लबाडी नसते. फोन झटपट चार्ज करणारं ओप्पोचं वूक किंवा वनप्लसचं सुरुवातीचं डॅश चार्जिंग घ्या. त्यात व्होल्टेज पाचच्या आसपासच ठेवून करंट चार अँपिअरपर्यंत नेला होता. बारीक तारेच्या स्वस्त केबलमधून तेवढा करंट सोडला तर ती तापणार. म्हणून जाड तारेची, स्वतःची ओळख देणारी केबल. ओळख पटली नाही तर फोन वेग कमी करतो. हे कुलूप नाही, ही काळजी आहे. नकली बॅटऱ्या फुगलेल्या मी स्वतः पाहिल्यात.

आणि धंद्याचं गणितही बघा. प्रिंटर तोट्यात किंवा जेमतेम किमतीत विकतात, कमाई शाईवर. एचपीचे तेव्हाचे प्रमुख एन्रिके लोरेस यांनी जानेवारी २०२४ मध्ये मुलाखतीत हे उघडपणे सांगितलं होतं. बाहेरच्या कार्ट्रिजमधून (शाईच्या डबीतून) व्हायरस शिरू शकतो, हाही मुद्दा त्यांनी मांडला होता. शाईवरची कमाई गेली तर नऊ हजारांचा प्रिंटर अठराला मिळेल. चालेल?

मृण्मयी_सांगली | शुक्रवार, सकाळी ८:१५

@सर्किट_बोर्ड, चालेल की! अठराला विका आणि टोनर कुठलंही लावू द्या, मी हिशोब करून घेईन. रोज गणितच शिकवते. पण नऊला विकताना गप्प बसायचं, चार वर्षांनी रात्री घरात शिरून कुलूप घालायचं, आणि वर 'तुमच्या सुरक्षेसाठी' म्हणायचं, हे नाही चालणार. माझा राग किमतीवर नाही. रविवारी चालत होतं, सोमवारी नाही, आणि मधल्या वेळात टोनर बदललं नव्हतं. बदललं ते कंपनीने बदललं, माझ्या वस्तूत, मला न विचारता.

केबलचं तुमचं उदाहरण मला पटलं. पण त्यात तुम्हीच लिहिलंय की फोन वेग कमी करतो. चार्ज होतो ना? माझा प्रिंटर हळू छापतो म्हणाला असता तरी मी हा धागा काढला नसता.

@टोनरवाला, शतशः आभार. ती पहिली खोळ शोधते.

फिरस्ता७१ | शुक्रवार, सकाळी ९:४०

मृण्मयीताई, तुमच्या सोमवारसारखाच एक दिवस साऱ्या जगाने एकदम पाहिलाय. १३ सप्टेंबर २०१६. एचपीच्या काही ऑफिसजेट प्रिंटरांनी त्या दिवसापासून बाहेरची कार्ट्रिज नाकारायला सुरुवात केली. बोंबाबोंब झाली, महिनाअखेरीला कंपनीने दिलगिरी व्यक्त केली आणि ज्यांना हवं त्यांच्यासाठी कुलूप नसलेलं फर्मवेअर (प्रिंटरच्या आतलं सॉफ्टवेअर) काढलं. अमेरिकेतला सामूहिक दावा पुढे १५ लाख डॉलरवर मिटला. डिसेंबर २०२० मध्ये इटलीच्या स्पर्धा आयोगाने एचपीला १ कोटी युरोचा दंड केला, आणि त्यातला एक मुद्दा नेमका तुमचाच होता: हे बंधन ग्राहकाला नीट सांगितलं नाही.

पण पद्धत काही गेली नाही. 'डायनॅमिक सिक्युरिटी' हे या कुलपाचं नाव पुढच्या मॉडेलांवर आहेच. सूचना बारीक अक्षरांत आली, एवढाच फरक.

ष्टुटगार्टकर | शुक्रवार, दुपारी २:०५

चिप छपाईसाठी लागते की नाही, हा वाद कॅननने स्वतःच मिटवलाय. मी तेव्हा इथेच होतो.

कोविडनंतर सगळीकडे चिपांचा तुटवडा होता. कॅननला आपल्याच टोनरवर बसवायला चिपा मिळेनात. मग कंपनीने काय केलं? बिनचिपांची टोनर विकायला सुरुवात केली, कॅननच्याच खोक्यात, कॅननच्याच छापाची. आता पंचाईत अशी की मशीन त्यांनाच ओळखेना. स्वतःच्याच पोराला दारात अडवून 'तू कुणाचा रे?' विचारू लागलं. मग जानेवारी २०२२ मध्ये कॅननच्या जर्मन शाखेने ऑफिसातल्या मोठ्या मशिनांच्या गिऱ्हाइकांसाठी सूचना काढल्या: हा इशारा दिसला तर 'बंद करा' दाबा, तो दिसला तर 'मान्य' दाबा, आणि छापत राहा. छपाईच्या दर्जावर परिणाम होत नाही असंही त्यात होतं. टोनर किती उरलंय ते कदाचित नीट दिसणार नाही, एवढंच.

म्हणजे बघा, इतकी वर्षं जो इशारा ग्राहकाला घाबरवायला होता, तो कसा धुडकावायचा याचे धडे कंपनीच देत होती.

तेव्हापासून मी प्रत्येक कुलपाला हाच प्रश्न विचारतो. कंपनीची स्वतःची अडचण झाली तर हे कुलूप ती काढेल का? वनप्लसच्या जाड केबलचा तुटवडा झाला म्हणून कंपनी 'बारीक तारेतूनच चार अँपिअर सोडा' म्हणणार नाही, कारण तार खरोखर जळेल.

सर्किट_बोर्ड | शुक्रवार, दुपारी ३:२०

@ष्टुटगार्टकर, हे उदाहरण माहीत नव्हतं. कसोटी चांगली आहे, ऑफिसात वापरीन (नाव न सांगता). टोनर किती उरलंय हे कळणं हा चिपचा खरा उपयोग आहे, एवढं मात्र धरून ठेवतो. तो उपयोग जाण्याने मशीन अडायला नको, हे मान्य.

गोंद्या_गेमर | शुक्रवार, दुपारी ४:११

एक्सबॉक्स या गेमिंग यंत्रवाल्यांचं पण लिहा कुणीतरी. नोव्हेंबर २०२३ पासून परवानगी नसलेला कंट्रोलर लावला की पडद्यावर एरर, दोन आठवडे मुदत, मग बंद. फसवेगिरीची यंत्रं थांबवायला केलं म्हणतात. ते ठीक आहे, पण ज्यांच्या हातात ताकद नाही असे लोक निरनिराळे अडॅप्टर जोडून खेळतात, त्यांनी काय करायचं?

एडिसनचा_आत्या | शुक्रवार, सायंकाळी ६:३०

(हो, आयडीत व्याकरण चुकलंय, आता बदलता येत नाही. मी काका आहे.)

न्यू जर्सीतून कॉफीची गोष्ट. इथे ऑफिसांत केउरिगची यंत्रं असतात, एका कपाची प्लास्टिकची डबी घालायची की कॉफी तयार. त्या डब्यांचं पेटंट २०१२ मध्ये संपलं आणि कुणीही स्वस्त डब्या करू लागलं. कंपनीने २०१४ मध्ये 'केउरिग २.०' आणलं. झाकणाच्या कडेला खास शाईची रिंग, यंत्र ती वाचणार, नसेल तर कॉफी नाही. आपली कॉफी भरून वापरायची जी जाळीची डबी होती, तीही बंद.

लोकांनी काय केलं माहितेय? अस्सल डबीचं झाकण कापून यंत्रातल्या वाचणाऱ्या डोळ्यासमोर चिकटपट्टीने लावून टाकलं. झालं! कोट्यवधी डॉलरच्या संशोधनाला सेलोटेपने उत्तर. विक्री घसरली, आणि मे २०१५ मध्ये कंपनीच्या प्रमुखांनी आपली चूक झाली हे मान्य करून जाळीची डबी परत आणली.

प्रकाशछाया | शुक्रवार, सायंकाळी ७:०२

कॅमेरावाल्यांचं दुःख कुणी विचारत नाही. कॅननने नव्या आरएफ माउंटसाठी (कॅमेऱ्याला लेन्स जिथे बसते तो सांधा) बाहेरच्यांना ऑटोफोकस लेन्स करू दिल्या नाहीत, २०२२ मध्ये व्हिल्ट्रॉक्सला त्या विकणं थांबवायला लावलं. २०२४ मध्ये सिग्मा-टॅमरॉनला दार उघडलं, तेही किलकिलं, फक्त छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठी. बाकीच्यांनी बायकोला सांगायची किंमत आणि खरी किंमत यांतला फरक वाढवत राहायचा.

उपद्व्यापी | शुक्रवार, सायंकाळी ७:०६

@प्रकाशछाया, तो फरक कुठलीच कंपनी बंद करू शकत नाही. ती खुली प्रणाली आहे.

निवृत्त_कारकून | शुक्रवार, रात्री ८:४५

मी जिल्हा परिषदेत टंकलेखनावर एकतीस वर्षे काढली. आधी रेमिंग्टन, नंतर गोदरेज. रिबन यायची बहुधा कोरेसची, अर्धी काळी, अर्धी लाल. यंत्र एकाचे, रिबन दुसऱ्याची, कार्बन तिसऱ्याचा, आणि त्यात काही वावगे आहे असे कोणाच्या मनातही येत नसे. एखादे वेळी चकती यंत्रात बसत नसे. मग जुन्या चकतीवर नवी रिबन हाताने गुंडाळायची. बोटे दोन दिवस निळी-काळी. साहेब विचारत, "काय हो, आज कोणाच्या तोंडाला काळे फासून आलात?"

सांगायचे एवढेच की चकती बसत नव्हती ती तिच्या आकारामुळे. ती उघड्या डोळ्यांना दिसत होती आणि हाताने सोडवता येत होती. मृण्मयीताईंच्या टोनरमध्ये काय बसत नाही हे मला चारदा वाचूनही समजले नाही, कारण बसते तर आहे सगळेच.

टोनरवाला | शुक्रवार, रात्री ९:१०

काका, तुमची ती गुंडाळलेली रिबन म्हणजे पहिलं रिफिलिंग. दुकानात या, चहा माझ्याकडून.

काळा_कोट | शुक्रवार, रात्री ११:२०

धागाकर्तीच्या पहिल्या प्रश्नाला, म्हणजे कायद्याला, कुणी हात लावलेला नाही. लांबेल, पण विषयच तसा आहे.

आधी अमेरिका, कारण सगळी लढाई तिथे झाली. प्रिंटर बनवणाऱ्या लेक्समार्कने २००२ मध्ये स्टॅटिक कंट्रोल या कंपनीवर दावा लावला. स्टॅटिक कंट्रोल लेक्समार्कच्या टोनरवरच्या चिपची नक्कल करून टोनर भरणाऱ्यांना विकायची. लेक्समार्क म्हणे, चिपमध्ये आमचा प्रोग्राम आहे, त्यामुळे हा कॉपीराइटचा भंग. शिवाय आमची चिप चुकवली म्हणजे डिजिटल कुलपं तोडायला बंदी करणाऱ्या १९९८ च्या डीएमसीए कायद्याचाही भंग. हा प्रोग्राम केवढा होता? दोन होते, त्यातला मोठा ५५ बाइटचा. संगणकात देवनागरीचं एक चिन्ह सहसा तीन बाइट खातं, म्हणजे 'आमचीच शाई वापरावी' एवढं वाक्य त्यात बसतं आणि थोडी जागा उरते. एवढ्याशा गोष्टीवर साहित्यकृतीसारखा हक्क! खालच्या कोर्टाने २००३ मध्ये मनाई दिली, अपिलात २००४ मध्ये ती उठली. पुढे दुसऱ्या एका खटल्यात, २०१७ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लेक्समार्कला सांगितलं की टोनर एकदा विकलंत की त्यावरचा तुमचा पेटंटचा हक्क संपला; 'रिकामं आम्हालाच परत करा' ही अट पेटंट कायद्याने लादता येणार नाही.

याचा शेवट मला फार आवडतो. चीनमध्ये झुहाई नावाचं शहर आहे, कंपॅटिबल कार्ट्रिजचं माहेरघर. तिथली, आज नाइनस्टार म्हणून ओळखली जाणारी कंपनी. तिने २०१५ मध्ये स्टॅटिक कंट्रोल विकत घेतली, आणि २०१६ मध्ये भागीदार जमवून चक्क लेक्समार्कही घेतली. वादी-प्रतिवादी एकाच घरात नांदायला गेले. २०२५ मध्ये लेक्समार्क परत विकली गेली, आणि घेणारी कोण तर झेरॉक्स. मृण्मयीताईंच्या कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला नव्हे.

आता आपल्याकडे. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये कलम ६५-अ आलं. तांत्रिक कुलूप तोडणं गुन्हा आहे, पण कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने तोडलं तरच. सराव प्रश्नपत्रिका छापण्यासाठी स्वतःच्या प्रिंटरवर दुसरी चिप बसवणं त्यात बसतं असं मला दिसत नाही. इचलकरंजीच्या आमच्या मित्राने निर्धास्त झोपावं.

उलट बाजूने, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'एक वस्तू घ्यायची तर दुसरीही घ्यावीच लागेल' अशा अटीला निर्बंधक व्यापारी प्रथा म्हटलंय. विकताना न सांगता नंतर लादलेली अट त्यात घालून मांडता येईल. निकाल काय लागेल याची हमी मी देत नाही, वकील कधीच देत नाही.

आपल्या आयोगाने असल्या प्रकारांकडे पाहिलंच नाही असंही नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला होता, कारण सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं त्या बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू देत नव्हत्या. पुढे अपिलं झाली, वर्षं गेली, तो वेगळा विषय. २०२२ मध्ये केंद्राने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि डिसेंबरात पोर्टल सुरू केलं. मोबाईल, शेतीची अवजारं, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं घेतली. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेत ओरेगन राज्याने मार्च २०२४ मध्ये सुटा भाग एका विशिष्ट यंत्राशी सॉफ्टवेअरने बांधून टाकण्यावर सरळ बंदी घातली. तसलं वाक्य आपल्या कायद्यात अजून नाही.

तूर्त १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा. पैसे लागत नाहीत. खोक्याचे चारही बाजूंचे फोटो आणि पडद्यावरच्या संदेशाचा फोटो तारखेसह ठेवा. तक्रारीत 'टोनर महाग आहे' असं लिहू नका. 'खरेदीनंतर वस्तूत बदल केला आणि विक्रीच्या वेळी सांगितलं नव्हतं' असं लिहा.

सर्किट_बोर्ड | शनिवार, सकाळी ८:०५

वरचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. एक भर. शाईच्या कुलपाला बाजाराने दिलेलं उत्तर आपल्याच बाजूच्या देशांतून आलंय. इंडोनेशियात आणि आपल्याकडे लोक इंकजेटच्या अंगाला बाहेरून बाटल्या आणि नळ्या जोडून छापत होते, सलाइन लावलेल्या पेशंटसारखा दिसायचा तो प्रिंटर. एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात स्वतःच टाकीवाला प्रिंटर काढला: मशीन महाग, शाई बाटलीत आणि स्वस्त. मग तो आपल्याकडे आला, मागोमाग कॅनन आणि एचपीनेही टाक्या काढल्या. म्हणजे मृण्मयीताईंनी मागितलेला 'अठराचा प्रिंटर' खरंच विकला जातो. मी काल माझाच मुद्दा खोडून ठेवला होता, हे रात्री लक्षात आलं.

टोनरवाला | शनिवार, सकाळी ९:३०

टाकीवाले चांगले, पण रोज छापणाऱ्याला. महिनाभर बंद ठेवला की हेड चोक. शाळा सुटली की क्लासही बंद, मग मे महिन्यात ताई परत माझ्याकडं. आणि वाया गेलेली शाई शोषणारं पॅड भरलं की तोही मशीन बंद पाडतो. पॅड धुवून बसवलं तरी आतला आकडा शून्यावर आणल्याशिवाय चालू होत नाही. तिथं पण कुलूप आहेच, जरा लांबच्या दाराला.

संपादक | शनिवार, सकाळी ११:००

आयफोन चांगला की अँड्रॉइड या विषयावरचे नऊ प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. तिथे मनसोक्त भांडा.

ष्टुटगार्टकर | शनिवार, दुपारी १:४०

हलवलेल्यांत माझाही एक होता, त्यातला या धाग्याशी संबंधित तेवढा भाग परत लिहितो. २०१२ च्या लाइटनिंग केबलच्या टोकात ओळख पटवणारी चिप होती, परवाना नसलेल्या केबलवर फोन कुरकुर करायचा. युरोपीय संघाने कायदा केला: २८ डिसेंबर २०२४ पासून इथे विकल्या जाणाऱ्या फोनला यूएसबी-सी हवंच. ॲपलने मुदतीच्या वर्षभर आधीच, २०२३ च्या आयफोन १५ मध्ये ते दिलं, आणि सगळ्या जगाला दिलं. कायदा युरोपचा, केबल सांगलीतही तीच चालते.

मृण्मयी_सांगली | रविवार, रात्री ९:२०

सगळ्यांसाठी खुशखबर. पहिली खोळ सापडली!

श्रेय माझं नाही, सासूबाईंचं. आमच्या घरात श्रीखंडाचा डबासुद्धा टाकला जात नाही. टोनरची खोळ त्यांनी "काळं प्लास्टिक चांगलं जाड आहे" म्हणून बागेच्या सामानात ठेवली होती, चार वर्षं खुरप्याशेजारी. वरची धूळ झटकली तर एका टोकाला तो हिरवा तुकडा, दोन ठिपक्यांसह, जसाच्या तसा. खोडरबराने हलकेच पुसला.

गावातल्या टोनर भरणाऱ्या मुलाकडे दोन्ही नेलं. त्याने ब्लेडच्या टोकाने कंपॅटिबलवरची चिप उचकटली आणि अस्सल तिच्या जागी सरकवली. अर्धा मिनिटही लागला नाही. पन्नास रुपये घेतले आणि म्हणाला, "बाई, मी तुमच्याच क्लासला होतो, दोन हजार अठराची बॅच." घरी येऊन लावलं. नारिंगी दिवा गेला. 'टोनर जवळपास संपलंय, लवकर नवीन घ्या' असा संदेश येतो आणि मागून पानं धडाधड बाहेर येतात. आत्तापर्यंत एकशे दहा काढली, भूमितीची प्रश्नपत्रिका क्रमांक चौदा.

वायफाय काढून टाकलं, वायर परत लावली. भाच्याचा मेसेज आला, "मावशी, तुझा प्रिंटर ऑफलाइन दिसतोय." म्हटलं, "दिसू दे."

१९१५ वर तक्रार नोंदवली आहे, काळा_कोट यांनी सांगितलं तशाच शब्दांत. नोंद क्रमांक मिळाला. पुढे काय होतं ते इथेच लिहीन.

एक शंका, @टोनरवाला: चिप जरा सैल वाटतेय. फेविक्विकचा थेंब टाकू का?

टोनरवाला | रविवार, रात्री ९:३४

अजिबात नको ताई! ठिपक्यावर ओघळलं की चिप मेली, आणि पुढच्या टोनरला ती काढता पण यायची नाही. दुहेरी चिकटपट्टीचा बारीक तुकडा घ्या, मागच्या बाजूला लावा.